पर्समधलं पिस्तूल कोणी निवडायचं?

(गणेशोत्सवातील महिला संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

महिला शाखेने आम्हांला 'स्त्रियांची सुरक्षितता' असा विषय दिला होता. आमच्यापैकी एक इथल्या न्यायालयात वकिली करते, दुसरी मुलामुलींना पिस्तूल नेमबाजी शिकवते, म्हणून बोलावणं आलं असावं. प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर लिहून द्यावेत, असं ठरलं होतं. चिठ्ठ्या उघडल्या आणि विषय आपोआप आखूड झाला. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता, शब्द तेवढे वेगळे: बाईला रोज पर्समध्ये ठेवता येईल असं छोटं पिस्तूल कोणतं घ्यावं? एका चिठ्ठीत तर 'मिसेससाठी, हलकं, दिसायला नाजूक' असं लिहिलं होतं. मिसेसचं स्वतःचं मत त्या चिठ्ठीत कुठेच नव्हतं.

पुण्याच्या एखाद्या मंडळात हा प्रश्न आला असता तर लोक एकमेकांकडे बघत राहिले असते. ग्वाल्हेरात तसं होत नाही. इथे खांद्यावर बंदूक अडकवून बाजारात भाजी घेणारा माणूस आपण लहानपणापासून पाहतो. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात शस्त्रं जमा करायला रांग लागते. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात बंदुकीचं लायसन्स हवं असेल तर आधी दहा झाडं लावा, अशी अट निघाली होती, ती तुमच्या लक्षात असेल. महाराष्ट्रातून आलेली नवी सून 'कट्टा' म्हणजे संध्याकाळी गप्पा मारायची जागा समजते. वर्षभरात तिला कळतं की इकडे कट्टा म्हणजे देशी पिस्तूल. तेव्हा 'बायकांना बंदूक कशाला' असं म्हणून हा प्रश्न आम्ही झटकणार नाही. ज्यांनी विचारलाय त्यांच्यापैकी काहींची कारणं खरी आहेत. कुणी रात्री उशिरा दवाखान्यातून एकटी घरी येते, कुणी मुरारच्या पलीकडे शेतीवाडी एकटी सांभाळते, कुणाचा जमिनीचा दावा चालू आहे आणि धमक्या येतात.

पण आधी कट्ट्याचं बोलून टाकतो, कारण एका चिठ्ठीत 'लायसन्सची भानगड नको, तात्पुरती काही सोय' असंही होतं. अशी सोय नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल कमीत कमी दोन वर्षं कैद आहे, पाच वर्षांपर्यंत जाते. शिवाय कट्ट्याची नळी अनेकदा साध्या पाइपाची असते. ती समोरच्यावर फुटेल की आपल्याच हातात, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. हा विषय इथे संपला.

आता मूळ प्रश्न. आम्ही त्याचं उत्तर देतो, पण प्रश्नातला एक शब्द बदलून. 'कोणतं घ्यावं' याच्या आधी 'कोणी निवडावं' हे ठरू द्या. आपल्या भागात बाईच्या नावावर लायसन्स आणि शस्त्र नवऱ्याच्या किंवा दिराच्या कमरेला, ही तऱ्हा नवी नाही. घरात एकाच्या नावावर दोन शस्त्रं झाली की कायद्याची मर्यादा संपते (२०१९ पर्यंत तीन चालत होती), मग तिसरं वहिनींच्या नावावर. वहिनींनी ते कधी हातातही घेतलेलं नसतं. कायद्याने परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नाही. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यासाठी लेखी अधिकार देता येतो, त्यापलीकडे तुमचं शस्त्र दुसऱ्याने घेऊन हिंडणं हा गुन्हा आहे. वरातीत त्यातून हवेत गोळी उडाली तर त्याला शिक्षा वेगळी, आणि 'शस्त्र त्याच्याकडे गेलं कसं' हा प्रश्न तुम्हांला विचारला जाणार तो वेगळा. म्हणून भगिनींनो, सही करण्याआधी विचारा: हे शस्त्र चालवणार कोण? उत्तर 'मी' असेल तरच पुढचं सगळं ऐका.

दुकानात गेल्यावर काय मिळतं? परदेशी पिस्तुलांची सर्वसाधारण विक्रीसाठीची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे नागरिकाला साधारण .३२ बोअरचं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, नाहीतर .२२, हेच मिळतं. बायकांसाठी म्हणून पहिलं नाव गाजलं ते 'निर्भीक'चं. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ते बाजारात आणलं. .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन पाचशे ग्रॅम, किंमत एक लाख बावीस हजारांच्या पुढे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतरचा तो काळ, नावातही तोच संदर्भ. ते दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटीत घालून दिलं जात होतं, हे वाचून आम्हांला तेव्हाच हसू आलं होतं. बाईला काहीही विकायचं तर मखमल हवीच! पाठोपाठ पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याचं 'निडर' आलं, .२२ बोअरचं, वजन फक्त अडीचशे ग्रॅम. मग ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबल', पुन्हा .३२, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास.

अडीचशे, पाचशे, सातशे. चिठ्ठ्यांमधला 'हलकं' हा शब्द बघता तुमचं बोट अडीचशेवर जाणार. आमचं तिथे जात नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी निवड या एका गोष्टीवर अडते.

रिव्हॉल्वरचा चाप, म्हणजे ट्रिगर, ओढला की एकाच ओढीत तीन कामं होतात: गोळ्यांचं चक्र एक घर पुढे फिरतं, मागचा घोडा उचलला जातो, आणि सुटून आपटतो. म्हणून ती ओढ लांब आणि जड असते, साधारण पाच किलोच्या आसपास. आता हिशेब करा. हातातली वस्तू अर्ध्या किलोची आणि एका बोटाने तिच्यावर लावायचा जोर पाच किलोचा, म्हणजे वजनाच्या दहापट. बोट मागे येता येता नळी डावीकडे नाहीतर खाली जाते. वस्तू अडीचशे ग्रॅमची असेल तर आणखी जाते. तुलनेसाठी आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतांकडे बघा. २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. त्या प्रकारात पिस्तूल एक किलो चारशे ग्रॅमपर्यंत जड चालतं आणि चाप एक किलोचा असला तरी नियमात बसतो. म्हणजे जगातल्या उत्तम नेमबाज बाईच्या हातात जड पिस्तूल आणि हलका चाप, आणि आपण नवशिक्या बाईच्या हातात हलकं पिस्तूल आणि जड चाप देतो!

घोडा अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो, हे खरं आहे. दुकानदार तसंच करून दाखवतो आणि म्हणतो, 'बघा मॅडम, किती सोपं.' त्याला म्हणा, घोडा न ओढता दाखवा. अंधारात, धाप लागलेली असताना, घाम आलेल्या अंगठ्याने घोडा ओढायचा आणि मग हलक्या झालेल्या चापावर थरथरतं बोट ठेवायचं, यात अपघाताशिवाय दुसरं काही होणं कठीण.

तर पहिली परीक्षा दुकानातच द्या. शस्त्र रिकामं आहे हे दुकानदाराने पाहावं, मग तुम्ही स्वतः पाहावं, मग पुन्हा एकदा पाहावं. सुरक्षित दिशेला, भिंतीकडे धरा. अंगठा आणि तर्जनीच्या मधली खाच मुठीच्या मागे नीट बसवा. नळी आणि तुमचा हात कोपरापर्यंत एका रेषेत येतात का? तसं धरून तर्जनीचं पहिलं पेर चापावर पोचतं का? लहान हातांना इथेच अडचण येते: बोट पोचावं म्हणून बाई हात फिरवून धरते आणि मग धक्का अंगठ्याच्या सांध्यावर बसतो. पोचत असेल तर नळीच्या पुढच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवायला सांगा आणि चाप सावकाश ओढा. दहा वेळा. दहापैकी सात-आठ वेळा नाणं जागेवर राहिलं तर ते शस्त्र तुमच्या हाताचं. पहिल्याच ओढीला नाणं खाली आणि चौथ्या ओढीला बोट दुखायला लागलं तर ते कितीही गोजिरवाणं असो, तुमचं नाही. नवऱ्याच्या हातात नाणं राहिलं, याला काही अर्थ नाही.

'निडर'बद्दल आणखी एक. .२२ चं काडतूस पेटतं ते कडेवर ठोका बसून, .३२ चं मधोमध. कडेच्या काडतुसात गोळी न उडण्याचं प्रमाण जास्त असतं. रिव्हॉल्वरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस येतं, एवढा दिलासा आहे. सरावाला .२२ सारखं काही नाही, धक्का नाही, खर्च कमी. पण जिवावर बेतल्यावर एकमेव आधार म्हणून आम्ही ते सुचवणार नाही. .३२ च्या रिव्हॉल्वरचं काडतूस तसं सौम्यच आहे, सेंटर फायर स्पर्धेत नेमबाज तेच वापरतात. म्हणून आमचं मत विचाराल तर .३२, वजन पाचशे ते सातशेच्या मधलं, आणि बोट पोचत असेल तर त्यातलं जडच. पर्स दोनशे ग्रॅमने जड झाली तर काही बिघडत नाही. त्यातला अर्धा किलो तर आपल्या पाण्याच्या बाटलीचा असतो.

पिस्तूल, म्हणजे मॅगझीनवालं, चपटं असतं, पर्समध्ये छान बसतं. पण त्याची वरची स्लाईड मागे ओढून सोडावी लागते, आणि लहान .३२ पिस्तुलांत ती स्प्रिंग ताठ असते. कारण असं की त्यात गोळी सुटताना स्लाईडला अडवणारं कुलूप नसतं, स्लाईडचं वजन आणि स्प्रिंग यांनीच धक्का सोसायचा. पिस्तूल जितकं लहान तितकी स्लाईड हलकी आणि स्प्रिंग ताठ. संधिवात असलेल्या काकूंनी हे करून बघावं. युक्ती अशी की डाव्या हाताने स्लाईड घट्ट धरून उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. ओढण्यापेक्षा ढकलणं सोपं जातं. तरी जमलं नाही तर रिव्हॉल्वरच बरं.

दोन चिठ्ठ्या परदेशातल्या मुलींसाठी होत्या, त्यातली एक टेक्सासची. तिकडे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांच्या पुढच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन जवळ बाळगता येते. न्यू जर्सीत मात्र परवाना लागतो. म्हणजे राज्य बदललं की कायदा बदलतो, हे मुलीला आधी सांगा. तिकडे निवड आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. पण दुकानातला अनुभव तोच. पावणेतीनशे ग्रॅमचं रुगर एलसीपी पर्समध्ये विसरून जावं इतकं हलकं आणि चालवायला मनगट झिणझिणवणारं. बायकांना फार वेळा दिलं जातं ते पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं .३८ रिव्हॉल्वर, सव्वाचारशे ग्रॅमचं. त्याचा धक्का अनुभवी लोकांनाही नकोसा होतो. मग २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने 'शील्ड ईझी' काढलं, सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास, मुद्दाम सैल स्लाईडचं. थोडं मोठं, थोडं जड, पण हाताला सोपं. छोटं म्हणजे बायकांचं, हा समज तिकडेही असाच हळूहळू सुटतोय. मुलीला सांगा, रेंजवर भाड्याने चार-पाच प्रकार चालवून बघ आणि मगच विकत घे. ही सोय आपल्याकडे नाही, याचं आम्हांला वाईट वाटतं.

आता ठेवायचं कुठे. अमेरिकेत ज्याला झाकून बाळगणं म्हणतात तो तिकडे खास प्रकार आहे. आपल्याकडे तो नियमच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हँडगन सार्वजनिक जागी नेताना अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीसारख्या साधनात असावी, पूर्ण झाकलेली असावी, आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावी. उघडी दाखवत हिंडणं, कुणावर रोखून दाखवणं मना आहे. बाजारात खांद्यावर बंदूक मिरवणाऱ्यांनी हा नियम वाचलेला दिसत नाही.

कागदावर हे सोपं आहे. अंगावर? पुरुषाच्या पँटला पट्टा असतो. साडीला काय आहे? परकराच्या नाडीला अर्धा किलो लोखंड अडकवून दाखवा, नाडी आधी खाली येईल! पंजाबी ड्रेसची तीच गत. कुर्त्याखाली पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, त्यात खिसा असतो. तो बऱ्यापैकी चालतो, पण त्यातून शस्त्र काढायला कुर्ता वर घ्यावा लागतो आणि ते एका हातात दुधाची पिशवी असताना जमलं पाहिजे. नऊवारीची गोष्ट वेगळी, तिचा काष्टा आणि कमरेचा शेला घट्ट असतो. पण सांगा बघू, रोज नऊवारी नेसून कामावर कोण जातं?

म्हणून शेवटी पर्सच. पर्स घेतली तर तीन गोष्टी पाळाच. शस्त्राचा कप्पा वेगळा, त्यात दुसरं काहीही नाही. पेन, लिपस्टिक, किल्लीची साखळी चापाच्या कडीत शिरली की पर्स नुसती दाबली गेली तरी गोळी सुटू शकते. कप्प्यातही होल्स्टर हवं, चाप पूर्ण झाकणारं. आणि पर्स खाली ठेवायची नाही. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्चीवर नाही, ऑफिसात टेबलाखाली नाही, बहिणीकडे गेल्यावर पलंगावर तर मुळीच नाही, कारण बहिणीचा चार वर्षांचा मुलगा मावशीच्या पर्समध्ये चॉकलेट शोधणारच. हे तिसरं पाळणं सगळ्यांत अवघड आहे. आपण बायका पर्स ठेवतो आणि विसरतो. शिवाय मोटारसायकलवरून पर्स हिसकावणाऱ्याने ती नेली तर त्याला पैशांबरोबर भरलेलं शस्त्रही मिळालं.

घरी आल्यावर ते कुलपात. परवान्यासाठी सुरक्षित ठेवण्याची हमी आपण लिहून दिलेली असते. कपड्यांच्या घडीखाली, देवघराच्या फडताळात, उशीखाली, या जागा घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतात. हे रोज, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस करायचं. कंटाळा येणार असेल तर आत्ताच सांगा.

पुढचा मुद्दा वेळेचा. १९८३ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचा पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर याने मोजून दाखवलं, की एकवीस फुटांवरून धावत येणारा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर पोचतो. कमरेच्या होल्स्टरमधून शस्त्र काढून गोळी सोडायला सराव झालेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. एकवीस फूट म्हणजे या मंडपात व्यासपीठापासून चौथी-पाचवी रांग. आता पर्सची झिप, आतला कप्पा, होल्स्टरचं बटण हे सगळं त्या दीड सेकंदात बसवा. बसत नाही. म्हणजे शस्त्राचा उपयोग धोका आधी ओळखला तरच. अंधाऱ्या पार्किंगमध्ये शिरण्यापूर्वी थांबून बघणारी, कानातलं गाणं बंद करणारी बाई वेळ मिळवते. तो वेळ नसेल तर पर्समधलं शस्त्र पर्समध्येच राहतं.

आणि सराव. परवान्यासाठी हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते कागद म्हणून मिळवू नका, खरंच शिका. महिन्यातून एकदा तरी रेंजवर जाता आलं पाहिजे. परवान्यावर वर्षाच्या काडतुसांची संख्या लिहिलेली असते, ती महाग असतात, म्हणून मधल्या दिवसांत नाण्याचा सराव रिकाम्या शस्त्राने, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. .१७७ च्या कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, हात बसवायला ते उत्तम. रेंजवर कानांना संरक्षण हवंच, आखूड नळीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. दिवस गेलेल्या मुलींनी मात्र रेंजवर जाऊ नये. शिशाची धूळ आणि आवाज, दोन्ही बाळाला वाईट.

वयाची सबब आम्ही ऐकणार नाही. उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा रेंजवर गेल्या होत्या. आणि फूलबागेची समाधी तर आपल्या गावातच आहे. अशा सभेत कुणीतरी उठून झाशीच्या राणीचं नाव घेतंच. जरूर घ्या. पण विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्ये राणीच्या व्यायामाच्या आवडीचंही लिहून ठेवलंय, तेही आठवा. तलवार हातात येण्याआधी हाताला किती वर्षं मेहनत होती ते.

गोळी सुटल्यानंतरचं आता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. ३८ वं कलम महत्त्वाचं. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची, बलात्काराची, पळवून नेण्याची, ॲसिड हल्ल्याची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा आपल्या बाजूला असू शकतो. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की संकटातल्या माणसाने तराजूत तोलून प्रतिकार करावा अशी अपेक्षा नाही. पण भीती संपली की हक्क संपतो. पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी स्वसंरक्षणात बसवणं वकिलाला फार जड जातं. अश्लील बोलणाऱ्यावर, पाठलाग करणाऱ्यावर, गल्लीत शीळ घालणाऱ्यावर शस्त्र रोखलं तर गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. रोज बायकांना जो त्रास होतो, त्यातल्या बहुतेक त्रासावर पिस्तुलाचा कायदेशीर उपयोग नाही, हे कटू आहे पण खरं आहे.

याहून कटू गोष्ट आम्हांला सांगायलाच हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीतला असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी आपण पर्समध्ये शस्त्र ठेवणार आणि धोका चहाचा कप हातात घेऊन दिवाणखान्यात बसलेला असणार. ज्या घरात नवरा पिऊन हात उगारतो त्या घरात, परवाना कुणाच्याही नावावर असो, शस्त्र येऊ देऊ नका. ते पहिलं त्याच्या हाती लागेल. घरात कुणी खोल निराशेत असेल, उपचार चालू असतील, तरीही नाही. एका चिठ्ठीत एवढंच होतं: 'घरातच भीती आहे, काय ठेवू?' त्या ताईंना विनंती, कार्यक्रम संपल्यावर आमच्यापैकी कुणालाही गाठा. तुमचा मार्ग शस्त्राच्या दुकानातून जात नाही, घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातून जातो. अर्ज आम्ही लिहून देऊ, फी नाही.

बाकीच्या बहुतेक जणींना आम्ही मिरीचा स्प्रे सांगू. परवाना नको, हाताच्या मुठीत उघडा धरून चालता येतो, झिप नाही, कप्पा नाही, चुकून मुलाच्या हाती लागला तर डोळे चुरचुरतील पण मूल राहील. याला कुणी किरकोळ समजू नये. जवळच टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचा अश्रुधुराचा कारखाना आहे, तिथे मिरचीच्याच जातीच्या रसायनाचे 'पावा' गोळे बनतात आणि २०१६ मध्ये ते काश्मीरला गेले. स्प्रे वाऱ्याच्या दिशेने मारायचा, वर्षातून एकदा बदलायचा, आणि पळायचं. ११२ फिरवायचं ते पळत असताना.

शेवटची चिठ्ठी. अक्षर थरथरतं, बहुधा एखाद्या आजींचं: 'वडिलांचं जुनं वेबली रिव्हॉल्वर आहे. भाऊ नाही. मला मिळेल का?' मिळू शकतं, आजी. २०१६ च्या नियमांत वारसाच्या परवान्याची तरतूद आहे आणि मुलगी वारस आहे. परवानाधारक हयात असतानाही, त्यांचं वय सत्तर झालं असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ते वारसाला देता येतं. वडील गेले असतील तर मात्र शस्त्र कपाटात राहू देऊ नका. ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, पावती घ्या, मग कलेक्टर कचेरीत अर्ज करा. परवाना हाती आला की जाणकार कारागिराकडून रिव्हॉल्वर तपासून घ्या, आणि रिकाम्या नळीवर नाणं ठेवून बघा. कपाटात सोबत जुनी काडतुसंही असतील, हिरवी पडलेली. ती उडवून बघायची नाहीत. मोजून, यादी करून, रिव्हॉल्वरबरोबरच जमा करा आणि त्यांचीही पावती मागा.